मामांचा ॲम्प्लिफायर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आदरणीय सर आणि बाई, पहिल्या रांगेत बसलेले आपल्या प्रयोगशाळेतले मामा, आणि १९९५ च्या दहावीच्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी तो बदलून मागितला. त्या विषयावर बोलणारे आज गल्लोगल्ली सापडतात, आणि मुलं त्यातल्या कुणाचंच ऐकत नाहीत. मी बोलणार आहे घरातल्या स्पीकरला ॲम्प्लिफायर कसा जुळवायचा यावर. गेली वीस-बावीस वर्षं मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि हौसेसाठी स्पीकरच्या वायरी सोलते. पहिल्या उद्योगात मिळालेले पैसे दुसऱ्यात जातात.

पण हा विषय निवडायचं खरं कारण वेगळं आहे. याच हॉलमध्ये मी शाळेचा ॲम्प्लिफायर जाळला होता, आणि ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आपलं नववीचं गॅदरिंग आठवा. तेव्हा हॉलला पंखे कमी आणि खांब जास्त होते. स्टेजच्या दोन्ही बाजूंना एकेक उंच, खोक्यासारखा स्पीकर, आणि विंगेत टेबलावर तो करड्या रंगाचा ॲम्प्लिफायर. माईकचं सगळं काम मामांकडे असायचं. वर्षभर प्रयोगशाळेत चंचुपात्रं धुणारे मामा गॅदरिंगच्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. "वायरींना हात लावायचा नाही," एवढं एकच वाक्य ते आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरायचे.

त्या संध्याकाळी माझी आई मागे, बायकांच्या बाजूला बसली होती. तिने हातानेच खूण केली, काही ऐकू येत नाही. मामा स्टेजवर माईकची उंची बदलत होते. मागच्या वर्गात तसलेच आणखी दोन स्पीकर पडलेले मला माहीत होते. एका मैत्रिणीला घेऊन ते मी ओढत आणले, मागच्या खांबांशी उभे केले, लांब वायर सोडली आणि मामांनी जिथे वायरी पिळून बसवल्या होत्या, तिथेच आपल्याही पिळून बसवल्या. आवाज आला! आईने लांबून मान डोलावली. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

वीसेक मिनिटांनी, नाटुकलीच्या ऐन मध्यात, आवाज फाटायला लागला. मग जळका वास आला आणि हॉल एकदम गप्प झाला. पुढचं सगळं गॅदरिंग मुलांनी ओरडून पार पाडलं. मामांना मात्र तिथेच, पालकांसमोर, बोलणी बसली. गडबडीत मी माझ्या वायरी काढून घेतल्या होत्या. पुढच्या वर्षीपासून माईकचं काम बाहेरच्या मंडपवाल्याकडे गेलं. मामा गॅदरिंगला यायचे, पण इस्त्रीचा शर्ट नसायचा.

मी काय केलं होतं, ते मला सहा महिन्यांनी कळलं. दहावीच्या वर्गात सरांनी फळ्यावर एकसर जोडणी आणि समांतर जोडणी काढली. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते. समांतर जोडणीत एकूण रोध कमी होतो. ८ ओमचे दोन रोध समांतर जोडले तर ४ ओम, चार जोडले तर २ ओम. तुम्ही सगळे सूत्र उतरवून घेत होता. मी तशीच बसले होते. कारण त्या ॲम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ असे आकडे लिहिलेले मी पाहिले होते. मामांनी ८ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडून ४ च्या खुणेला लावले होते. हिशोब अगदी बरोबर होता. मी आणखी दोन लावून त्या ४ च्या खुणेवर २ ओम टांगले.

ॲम्प्लिफायर स्पीकरला व्होल्टेज पुरवतो. त्या व्होल्टेजवर करंट किती ओढायचा, ते स्पीकरचे ओम ठरवतात. समजा बाहेर २० व्होल्ट येताहेत. ८ ओमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढेल, म्हणजे ५० वॉट. ४ ओमचा ५ अँपिअर ओढेल, म्हणजे १०० वॉट. २ ओमला १० अँपिअर लागतील. ॲम्प्लिफायर नाही म्हणत नाही. द्यायचा प्रयत्न करतो, तापतो आणि शेवटी त्याचे ट्रान्झिस्टर जळतात. म्हणून ॲम्प्लिफायरच्या पाठीवर 'कमीत कमी ४ ओम' असं लिहिलं असेल तर त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलं तर चालतं. ४ ओमवाल्याला ८ ओमचा स्पीकर लावला तर वॉट कमी मिळतील, बिघडणार काही नाही.

पुढे मी इंजिनीअरिंगला गेले. तिथे एक सिद्धांत शिकवतात, की बाहेरचा रोध आतल्या रोधाइतका असला की जास्तीत जास्त शक्ती बाहेर पोचते. त्यामुळे आम्हा इंजिनीअर मंडळींचा समज होतो, की 'जुळवणं' म्हणजे ८ ला ८. तसं नाही. ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्प्लिफायरचा आतला रोध ओमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. दोन्ही सारखे केले तर निम्मी शक्ती आतच उष्णता होऊन जाईल. जुने व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर वेगळे. त्यांना आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि ४, ८, १६ अशा खुणा असतात. तिथे स्पीकरच्या आकड्याला त्याच आकड्याची खूण द्यायची. बाकी ठिकाणी एवढंच पाहायचं, की स्पीकर मागेल तेवढा करंट ॲम्प्लिफायर न धापा टाकता देऊ शकतो का.

स्पीकरवरचा ८ हा आकडाही ढोबळ असतो. सूर खालचा की वरचा, त्याप्रमाणे स्पीकरचा इम्पिडन्स बदलत राहतो. एका जागी तो २० ओम असेल, दुसरीकडे साडेसहा. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो जाता कामा नये, म्हणजे ८ ओमवाल्याने ६.४ च्या खाली जायचं नाही. सगळे उत्पादक ते पाळतातच असं नाही. पट्टी पुसली गेली असेल तर साधा मल्टिमीटर लावा. ८ ओमचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवतो, ४ ओमचा तीन-साडेतीन. मीटर कमी दाखवतो म्हणून घाबरू नका. तो फक्त तारेचा रोध मोजतो.

मोठा भार लादला की ॲम्प्लिफायर मरतो, हे शाळेत शिकले. आता दुसरी चूक ऐका. ती मी हॉस्टेलवर केली.

त्या काळी ४४४० नावाच्या आयसीची किट मिळायची. तुमच्यातल्या निम्म्या मुलांनी ती सोल्डर केली असेल. मी ती ब्रिज करून जोडली होती, म्हणजे साधारण १९ वॉट. मैत्रिणीच्या दादाचे चांगले स्पीकर मागून आणले, पाठीवर '८० वॉट' लिहिलेले. मनात म्हटलं, १९ वॉटचा ॲम्प्लिफायर ८० वॉटच्या स्पीकरचं काय वाकडं करणार? निरोप समारंभाला आवाजाचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं आणि दोन तास नाचलो. सकाळी दोन्ही स्पीकरमधून गाणं येत होतं, पण गोधडीखालून आल्यासारखं. दोन्ही ट्वीटर गेले होते.

कसे गेले? ॲम्प्लिफायरला जितकं व्होल्टेज मिळतं, त्याच्या वर तो लाट उचलू शकत नाही. बटण आणखी फिरवलं की लाटेचे शेंडे कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. गोल डोंगराचं सपाट पठार झालं की त्यात मुळात नसलेले वरचे सूर तयार होतात, आणि वरचे सूर जातात ट्वीटरकडे. शिवाय खालचे सूर छताला टेकलेले असतात, त्यांना वाढायला जागा नसते, पण बारीक वरचे सूर बटणाबरोबर वाढतच राहतात. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते. स्पीकरवरचे ८० वॉट हे साऱ्या सुरांचे मिळून असतात. त्यात ट्वीटरची स्वतःची ताकद थोड्याच वॉटची. त्याची तार केसासारखी, ती वितळते. म्हणून लहान ॲम्प्लिफायर स्पीकरला सुरक्षित, हा समज सोडून द्या. आवाज फाटतोय असं वाटलं, की बटण मागे घ्या. दादाचे ट्वीटर मी पहिल्या पगारात बदलून दिले. ती चूक तेव्हाच कबूल केली होती, कारण दादा समोर उभा होता.

आता तुम्ही विचाराल, की मग वॉट घ्यायचे तरी किती? आधी नव्वदच्या दशकातला 'पीएमपीओ' विसरा. आपल्या टू-इन-वनवर '१००० वॉट' लिहिलेलं असायचं आणि पाठीवरच्या पट्टीवर वीजवापर ४० वॉट. जितकी वीज आत जाते, त्याहून जास्त बाहेर सतत कशी येईल? तेव्हा आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॉट, किती ओमला दिलेत ते वाचा. मग स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा. १ वॉट दिला, तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, हा तो आकडा. आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जिथे ३२ वॉट लागतील, तिथे ९२ वाल्याचं ८ वॉटमध्ये भागतं. दुकानात वॉटवरून भांडण्यापेक्षा हा आकडा विचारा.

हे सगळं मी मागच्या महिन्यात प्रत्यक्ष करून पाहिलं. या मेळाव्याचं निमंत्रण आलं तेव्हा ठरवलं, की हॉलमध्ये पाय ठेवण्याआधी मामांना भेटायचं. पत्ता काढला आणि गेले. मामींनी चहा ठेवला. मी धीर करून नववीच्या गॅदरिंगचं सगळं सांगितलं. मामा लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "कुठल्या वर्षीचं म्हणालीस? तो तर तीनदा जळला."

त्यांना काही आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी जे उराशी घेऊन फिरत होते, ते त्यांनी केव्हाच टाकून दिलं होतं. मी म्हटलं, "पण मामा, तुम्हाला सगळ्यांसमोर बोलणी बसली." ते म्हणाले, "ती तर बसायचीच." आणि लगेच दुसरं, "बरं झालं आलीस. मुलाने हे स्पीकर आणून ठेवलेत. आता म्हणतो २०० वॉटचा ॲम्प्लिफायर घ्या. घेऊ का?"

मी पर्समधून मल्टिमीटर काढला. हसू नका, माझ्या पर्समध्ये असतो. मीटरने ६.३ दाखवले, पट्टीवर ८ ओम आणि ८६ डेसिबल. खोली दहा बाय बारा. मामांची खुर्ची स्पीकरपासून दोन मीटरवर. आता हिशोब बघा. १ वॉटला १ मीटरवर ८६. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी, म्हणजे ८०. दोन स्पीकर आहेत, म्हणून ३ जास्त, ८३. तुम्ही-आम्ही घरात ७०-७५ डेसिबलला गाणी ऐकतो. म्हणजे बहुतेक वेळ ॲम्प्लिफायर वॉटच्या दहाव्या हिश्श्यावर चालतो! पण भीमसेनजींची अभंगवाणी लावली आणि पखवाजावर थाप पडली, की तो क्षण सरासरीच्या १५-२० डेसिबल वर जातो. तेवढ्या एका क्षणासाठी १० वॉट हाताशी हवेत. वॉट घ्यायचे ते त्या थापेसाठी.

पण मामांना आता कमी ऐकू येतं. त्यांना सगळंच दहा डेसिबल वर हवं होतं. मग थापेला १० च्या जागी १०० वॉट. मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी मात्र ॲम्प्लिफायर मोठा केला नाही, मामांची खुर्ची पुढे सरकवली. दोन मीटरचा एक मीटर झाला. पुस्तकात याचे ६ डेसिबल मिळतात. खोलीत भिंतींवरून येणारा आवाज असतो, म्हणून थोडे कमी धरा. तरी १०० वॉटची गरज तीस-चाळीसवर आली. माझ्या घरी ८ ओमला ५० वॉट देणारा एक जुना ॲम्प्लिफायर कपाटावर पडून होता. पुढच्या रविवारी तो मामांकडे नेऊन ठेवला. पैशांचं नाव काढलं तर चहा घेणार नाही, असं मामींना सांगितलं.

वायर तेवढी बदलली. दारावरच्या घंटेची असते तसली बारीक वायर होती, अर्ध्या एमएमची. स्पीकर पाच मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, तिचाच रोध ओमचा तिसरा हिस्सा. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड एमएमची साधी तांब्याची वायर आणली, काम झालं. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या वायरी मिळतात. त्या पैशात दुसरं काहीतरी घ्या.

सगळं जोडून झालं. अभंग लागला. मामा डोळे मिटून बसले. मग डोळे उघडून म्हणाले, "आत आणखी दोन स्पीकर पडलेत. ते स्वयंपाकघरात लावू या? हिलाही ऐकू येईल."

मी आत जाऊन मीटर लावला. ४ ओमचे होते. माझ्या ॲम्प्लिफायरला 'ए' आणि 'बी' अशा दोन जोड्यांची सोय आहे. दोन्ही एकदम चालू केल्या की त्या आतून समांतर जोडल्या जातात, म्हणून पाठीवर स्पष्ट लिहिलंय, दोन्ही मिळून चालवायच्या तर प्रत्येक स्पीकर कमीत कमी ८ ओमचा हवा. ८ आणि ४ समांतर, म्हणजे २.६७ ओम. जवळजवळ तोच गॅदरिंगचा आकडा.

मी म्हणाले, "नाही मामा. हे जोडायचे नाहीत."

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "का? वायरींना हात लावायचा नाही?"

आतून मामी म्हणाल्या, "मला कशाला स्पीकर? हे लावतात ते तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जातं."

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातल्या अनेकांच्या घरी वडिलांचे जुने स्पीकर माळ्यावर असतील. टाकून देऊ नका. आधी ओम बघा, मग सेन्सिटिव्हिटी, मग स्वतःची खोली आणि खुर्ची, आणि वॉटचा विचार सगळ्यात शेवटी करा. फाटलेला आवाज सहन करू नका. आणि एका ॲम्प्लिफायरला आणखी एक स्पीकर जोडायचा मोह झाला, तर आधी दहावीचं सूत्र आठवा. नाही आठवलं तर मला फोन करा, मीटर घेऊन येते.

एक शेवटचं. मामांना आठवत नाही, म्हणून माझ्याकडून ते मिटलं असं होत नाही. त्यांना बोलणी बसली ती या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. म्हणून हेही इथेच सांगते. नववीच्या गॅदरिंगला मामांची जोडणी बरोबर होती. दोन स्पीकर, ८ ओमचे, ४ च्या खुणेला. चूक माझी होती.